विंडसर्फिंगचा पहिला धडा देणारी तळ्याकाठची शाळा

परदेशात राहत असताना ज्यांना पाण्यावरचा एखादा खेळ शिकावासा वाटतो, पण सुरुवात कोठून करावी आणि शाळा कशी पारखून घ्यावी हे ठरत नाही, त्यांच्यासाठी विंडसर्फिंगच्या, म्हणजे शीड लावलेल्या फळीवर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाण्याच्या खेळाच्या, एका प्राथमिक वर्गाबद्दल हे सविस्तर लिहीत आहे. ही शाळा गोड्या पाण्याच्या एका मोठ्या तळ्यावर आहे. तिचा प्राथमिक वर्ग शनिवार आणि रविवार अशा दोन सकाळींचा असतो आणि त्यात फळी, शीड, पाण्यात घालायचा पोशाख, तरंगते जाकीट आणि प्रशिक्षण हे सगळे एकाच शुल्कात येते. वाचक निरनिराळ्या देशांत असल्यामुळे शाळेच्या नावापेक्षा तिची शिकवण्याची पद्धत सांगणे अधिक उपयोगाचे ठरेल, म्हणून तेच करते. माझे मत सुरुवातीलाच नोंदवून ठेवते. पाण्यात उतरण्यापूर्वी या शाळेने जमिनीवर जे शिकवले त्याला तोड नाही. मात्र पाण्यावर अडचण आली तर स्वतःच्या बळावर काठाला कसे लागावे, हा भाग तिने तोंडी सांगून उरकला आणि ही उणीव लहान नाही.

शाळा किती जबाबदार आहे याचा अंदाज नोंदणीच्या अर्जावरूनच येऊ लागला. वजन, उंची, बुटाचे माप, चष्मा आहे का, पाठीचे किंवा खांद्याचे जुने दुखणे आहे का, असे प्रश्न त्यात होते. पोहता येते का, या प्रश्नावर 'हो' किंवा 'नाही' एवढ्यावर न भागवता, पाय टेकत नाहीत अशा पाण्यात न थांबता किती अंतर पोहता येते, हे विचारले होते. वजन कशासाठी हवे आहे याचाही खुलासा होता. विंडसर्फिंगच्या फळीचे आकारमान लिटरमध्ये मोजतात आणि ढोबळमानाने एक लिटर आकारमान एक किलो वजन तोलून धरते. फळी, शीड आणि माणूस यांचे एकत्रित वजन वजा केल्यावर जितके आकारमान शिल्लक राहते, तितकी ती फळी पायाखाली कमी दबते. म्हणूनच नवशिक्यासाठी दोनशे लिटरच्या आसपासची फळी निवडतात, तर सरावलेले लोक जोरदार वाऱ्यात शंभर लिटरपेक्षाही लहान फळी वापरतात. अर्जात असे काहीही न विचारता केवळ नाव आणि पैसे घेणारी शाळा असेल, तर तिच्याकडे जाण्यापूर्वी दोनदा विचार करावा, असे मला वाटते.

त्याहून मोठी परीक्षा वाऱ्याची. आमचा वर्ग ज्या शनिवारी ठरला होता, त्याच्या आदल्या दिवशी दुपारी शाळेने तो कोणतेही जादा शुल्क न घेता पुढे ढकलला. कारण पावसाचे किंवा वादळाचे नव्हते. आकाश निरभ्र राहणार होते आणि वारा माफक असणार होता, परंतु तो काठाकडून तळ्याच्या आत वाहणार होता. नवशिक्याला हे कारण क्षुल्लक वाटू शकते, कारण अशा दिवशी काठाजवळचे पाणी अगदी संथ दिसते. काठावरची झाडे आणि इमारती वारा अडवत असल्यामुळे तेथे लाटा उठत नाहीत आणि शिकायला हीच वेळ उत्तम, असा समज होतो. प्रत्यक्षात काठापासून दूर जावे तसा वारा वाढत जातो आणि ज्याला अजून वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने परतता येत नाही, असा माणूस आत आत ओढला जातो. अशा वाऱ्यात नवशिक्यांचा वर्ग न घेणे, हा या खेळातील जबाबदार शिक्षणाचा पाया आहे. सुटीच्या दिवसातील भरलेला वर्ग या कारणासाठी रद्द करायला धैर्य लागते आणि ते या शाळेने दाखवले.

परदेशात शिकताना भाषेचा प्रश्न वेगळाच असतो. कार्यालयात किंवा दुकानात समोरच्याचे एखादे वाक्य समजले नाही, तर पुन्हा विचारता येते. पाण्यावर ती सोय नसते. शीड फडफडत असते, वारा कानांत घुमत असतो आणि प्रशिक्षक तीस-चाळीस मीटर दूर असतो. आमच्या तुकडीत वेगवेगळ्या देशांतून आलेले आठ जण होते आणि बहुतेकांना स्थानिक भाषा जेमतेम येत होती. प्रशिक्षिकेने काठावरच हाताच्या खुणा ठरवून दिल्या. मूठ वर केली की शीड सोडून द्यायचे, हात गोल फिरवला की वळून परत यायचे, डोक्यावर तळवा ठेवला की 'मी ठीक आहे' असे कळवायचे. दोन्ही हात बाजूंना पसरून सावकाश वर-खाली करणे, ही मदतीची जगभर मानली जाणारी खूणही तिने प्रत्येकाकडून करून घेतली. त्यानंतर फळीच्या भागांची नावे तिने भाषेत न अडकता प्रत्येक भागाला हात लावून सांगितली. परक्या भाषेत शारीरिक कौशल्य शिकवणाऱ्याने नेमके असेच शिकवावे. शाळा निवडताना आपल्याला समजणारी भाषा बोलणारा प्रशिक्षक मिळेल का, हे जरूर विचारावे; पण त्याहीपेक्षा खुणा आधी ठरवून देतात का, हे विचारणे महत्त्वाचे आहे.

साहित्याच्या ओळखीतील सर्वांत चांगला भाग होता तो डोलकाठीच्या बुडाशी असलेल्या सांध्याचा. प्रशिक्षिकेने तो फळीपासून सुटा करून प्रत्येकाच्या हातात दिला. मुठीत मावेल एवढा जाड रबरी तुकडा, वर-खाली धातूची टोपणे, आणि कोणत्याही दिशेला वाकवला तरी वाकणारा. हा सांधा नसता तर हा खेळच उभा राहिला नसता. साध्या शिडाच्या होडीत डोलकाठी पक्की उभी असते आणि दिशा देण्यासाठी सुकाणू लागते. येथे डोलकाठी वाटेल तिकडे कलते, ती माणसाच्या हातांनीच तोलून धरायची असते आणि सुकाणू नसतेच. शीड पुढे-मागे कलवूनच फळी वळवायची. कॅलिफोर्नियातील जिम ड्रेक आणि हॉयल श्वाइट्झर यांनी १९६८ मध्ये या रचनेच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि तेथून या खेळाचा प्रसार झाला. त्याआधी १९६४ मध्ये अमेरिकेतीलच न्यूमन डार्बी यांनी हाताने धरायच्या शिडाची फळी बनवली होती, आणि इंग्लंडमधील पीटर चिल्व्हर्स यांनी तर १९५८ मध्येच, शाळकरी वयात, अशी फळी चालवली होती. चिल्व्हर्स यांच्या त्या फळीचा दाखला पुढे इंग्लंडच्या न्यायालयात देण्यात आला आणि १९८५ मध्ये तेथे पेटंटधारकांच्या विरोधात निकाल लागला. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये पुरुषांसाठी आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये स्त्रियांसाठी या खेळाची स्वतंत्र स्पर्धा सुरू झाली. हा सगळा इतिहास वर्गात सांगितला गेला नाही, तो मी नंतर वाचला. पण तो सांधा हातात घेऊन पाहिलेला असल्यामुळे वाचताना त्यातील वादाचे मर्म चटकन उमगले.

आम्हाला मिळालेल्या फळ्या रुंद होत्या आणि त्यांच्यावर मऊ, खरबरीत फोमचा थर होता, त्यामुळे पाय घसरत नव्हते आणि गुडघे टेकले तरी सोलवटत नव्हते. मधोमध खाली सोडायचे मोठे पाते, म्हणजे डॅगरबोर्ड, प्रत्येक फळीला होते. नवशिक्यासाठी ते अत्यावश्यक आहे, कारण त्यामुळे फळी आडवी सरकत नाही आणि डुलतेही कमी. भाड्याने मिळणाऱ्या काही रुंद फळ्यांना हे पाते नसते आणि तशा फळीवर पहिला धडा घेतला तर वाऱ्याबरोबर वाहत जाण्यातच बराच वेळ जातो. शीड तीन चौरस मीटरच्या आसपासचे, हलके आणि पारदर्शक खिडकी असलेले होते. लहान शीड दिले म्हणून कोणी कमीपणा मानू नये. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो. त्यामुळे आठ नॉटच्या वाऱ्यात सहज पेलणारे शीड मध्येच आलेल्या झोतात हातातून हिसकावले जाते. आमच्या दोन्ही सकाळी वारा सात ते दहा नॉट, म्हणजे ताशी साधारण तेरा ते अठरा किलोमीटर होता आणि नवशिक्यासाठी तो भरपूर होता.

पोशाखाच्या बाबतीत मात्र शाळेचे व्यवस्थापन ढिसाळ वाटले. निओप्रीनचा पोशाख आत शिरलेल्या पाण्याचा पातळ थर अडवून धरतो आणि तो शरीराच्या उष्णतेने कोमट राहतो. पण त्यासाठी पोशाख अंगाला घट्ट बसायला हवा. अर्जात मापे घेऊनही दिलेले पोशाख त्यांनुसार काढून ठेवलेले नव्हते. दांडीवर टांगलेल्या पोशाखांतून प्रत्येकाने आपापला शोधायचा होता आणि स्त्रियांच्या मधल्या मापांचे पोशाख थोडेच असल्यामुळे दोघींना कमरेपाशी सैल पोशाख घालून पाण्यात उतरावे लागले. सैल पोशाखात प्रत्येक वेळी पडल्यावर नवे गार पाणी आत येते आणि पाणी हवेपेक्षा कितीतरी पटींनी झपाट्याने शरीराची उष्णता ओढून घेते. अर्ध्या तासानंतर त्या दोघींची बोटे बधिर झाली होती, हे माझ्या डोळ्यांसमोरचे आहे. आपल्याकडे पाण्याच्या खेळांची सवय नसलेल्या अनेकांना हे ठाऊक नसते, म्हणून सांगते की वेळेच्या अर्धा तास आधी पोहोचून पोशाख नीट निवडावा, मानेपाशी आणि कमरेपाशी पोकळी राहत असेल तर बदलून मागावा आणि त्यावर घालायला एखादे वारा अडवणारे पातळ जाकीट सोबत न्यावे. पाण्यातील बूटही जुने होते. माझ्या एका बुटाचा तळवा पुढून उकललेला होता. तक्रार करताच तो बदलून मिळाला, पण तो मुळात तेथे असायलाच नको होता.

आता या शाळेची खरी ताकद. पहिल्या सकाळचा जवळजवळ निम्मा वेळ आम्ही जमिनीवर होतो. काहींना ते खटकले. पाण्यासाठी पैसे भरून वाळूत का उभे राहायचे, अशी कुजबूज मी ऐकली. मला तोच वेळ सर्वांत मोलाचा वाटतो. सुरुवातीला प्रशिक्षिकेने सर्वांना डोळे मिटून उभे राहायला सांगितले आणि दोन्ही कानांना वारा सारखाच लागेपर्यंत मान हळूहळू फिरवायला लावली. तसे झाले की नाक ज्या दिशेला असेल, तिकडूनच वारा येतो आहे. डोळे उघडून प्रत्येकाने ती दिशा पाण्यावरच्या तरंगांशी, काठावरच्या झेंड्याशी आणि दूर नांगरलेल्या होड्यांच्या तोंडाशी ताडून पाहिली. हा साधा सराव त्यानंतर प्रत्येक विश्रांतीनंतर पुन्हा करून घेतला गेला, कारण तळ्यावरचा वारा तासाभरातही फिरतो आणि विंडसर्फिंगमधील प्रत्येक हालचाल वाऱ्याच्या दिशेवरून ठरते.

मग तिने वाळूत काठीने घड्याळाची तबकडी काढली आणि वारा बारा वाजण्याच्या जागेकडून येतो असे मानायला सांगितले. साधारण साडेदहा ते दीड या भागात कोणतीही शिडाची फळी सरळ जाऊ शकत नाही. तिकडे तोंड केले की शीड नुसते फडफडते. तीन आणि नऊ या दिशा, म्हणजे वाऱ्याला काटकोनात जाणे, नवशिक्यासाठी सर्वांत सोपे. बाराकडे पोहोचायचे असेल तर कधी डावीकडे, कधी उजवीकडे असे तिरपे टप्पे घेत जायचे. प्रत्येकाने त्या तबकडीवर चालून दाखवले. वाऱ्याचे शास्त्र मी शाळकरी पुस्तकांत कधीतरी शिकले असेन, परंतु शिडावर पडणारा वाऱ्याचा जोर आणि पाण्याखालच्या पात्यावर पडणारा पाण्याचा रोध यांचा मेळ कसा बसतो, हे येथे प्रथम स्पष्ट झाले. शीड मागे कलवले की वाऱ्याचा जोर पात्याच्या मागे जातो आणि फळीचे तोंड वाऱ्याकडे वळते; शीड पुढे कलवले की तोंड वाऱ्यापासून दूर जाते. विंडसर्फिंगमध्ये सुकाणूची गरज का पडत नाही, याचे संपूर्ण उत्तर एवढेच आहे.

त्यानंतर जमिनीवरच बसवलेल्या फिरत्या फळीवर प्रत्येकाला चढवले. ही जुनी फळी एका चाकावर ठेवलेली होती, त्यामुळे शिडात वारा भरला की ती खरोखरीच फिरायची. शीड उचलण्याची दोरी धरून पाठ ताठ आणि गुडघे वाकलेले ठेवून मागे झुकायचे, हात एकापुढे एक सरकवत डोलकाठीपर्यंत पोहोचायचे, दोन्ही हातांनी डोलकाठी धरून थांबायचे आणि वारा शिडातून मोकळा वाहू द्यायचा. थांबायचे, यावर तिचा विशेष भर होता. ही स्थिती म्हणजे या खेळातील विसाव्याची जागा. काहीही बिनसले तरी मागचा हात सोडून येथे परत यायचे. आमच्यापैकी जो कोणी घाईने थेट आडव्या दांड्याला, म्हणजे बूमला, हात घालत असे, त्याला ती शांतपणे पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला लावत असे. ती कधी चिडली नाही आणि कोणाची इतरांशी तुलनाही केली नाही. प्रौढ वयात काही नवे शिकणाऱ्याला असा शिक्षक मिळणे फार महत्त्वाचे असते.

पाण्यात उतरल्यावर जमिनीवरच्या त्या तालमीचे मोल लगेच कळले. पहिला भाग कंबरभर पाण्यात होता आणि तळ वाळूचा होता. शीड पाण्यावर पसरलेले असताना त्यावर पाणी साचते आणि ते ओढताना दगडासारखे जड लागते. त्याचा वरचा कोपरा किंचित उचलला गेला की पाणी ओघळून जाते आणि क्षणात वजन नाहीसे होते. नेमक्या त्याच क्षणी सगळे नवशिके पाठीवर पडतात, कारण ते अजून पूर्वीच्याच जोराने ओढत असतात. प्रशिक्षिकेने पाण्यात आमच्या शेजारी उभे राहून तो क्षण ओळखायला शिकवले. पाण्याची धार शिडाच्या कडेवरून निसटताना तिचा आवाज बदलतो, तो ऐकायचा आणि आवाज बदलताच ओढ सैल करायची. ही बारीक गोष्ट मला कोणत्याही चित्रफितीत आढळली नव्हती. त्यानंतर शीड उचलणे हा ताकदीचा प्रश्न उरला नाही.

पुढचा सराव मला अतिशय आवडला. शिडात वारा न घेता, केवळ डोलकाठी डावीकडे किंवा उजवीकडे कलवून, पायाखालची फळी एका जागी पूर्ण गोल फिरवायची. दिसायला हे साधे आहे, पण छोट्या पावलांनी डोलकाठीभोवती सरकताना तोल सांभाळावा लागतो आणि सांध्याचे काम पायांना कळू लागते. त्यानंतर प्रत्यक्ष चालवणे. पुढचा हात बूमवर, डोलकाठी शरीराच्या समोरून पलीकडे आणायची, ती हातात हलकी लागेपर्यंत थांबायचे, मग मागचा हात बूमवर ठेवून दार हळूच ओढून घ्यावे तसे शीड आत घ्यायचे. खांदे प्रवासाच्या दिशेला वळले की फळी निघते. पहिल्यांदा निघाली तेव्हा फळीच्या बुडाखाली पाण्याचा बारीक खळखळाट सुरू झाला आणि पायांना एक कंप जाणवला. मी सरळ उभी होते, हातांत वारा होता आणि माझ्या हालचालीवर फळी चालत होती. तो आनंद मला शब्दांत नीट पकडता येत नाही. हा खेळ शिकणाऱ्या प्रत्येकाला तो मिळावा, असे मनापासून वाटते.

दुसऱ्या सकाळी दोन बोयांच्या, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांच्या, मधून जाऊन वळून परत येणे, हे ध्येय होते. वळण वाऱ्याकडून घ्यायचे: शीड मागे कलवून फळीचे तोंड वाऱ्याकडे आणायचे, डोलकाठी धरून तिच्यापुढून छोट्या पावलांनी दुसऱ्या बाजूला जायचे आणि पुन्हा निघायचे. सकाळ संपेपर्यंत आमच्यापैकी बहुतेकांना एका दिशेला चांगले आणि दुसऱ्या दिशेला अडखळत जाता येऊ लागले. दोन सकाळींत यापेक्षा अधिक अपेक्षा धरणे योग्य नाही. एखादी शाळा पहिल्याच वर्गात वेगाने पाण्यावरून झेपावण्याचे आश्वासन देत असेल, तर त्यावर विश्वास ठेवू नये. कंबरेला पट्टा बांधून शिडाला लटकणे, पायपट्ट्यांत पाय अडकवणे आणि फळी पाण्यावरून उचलली जाणे, हे सगळे पुष्कळ पुढचे आहे.

दुसऱ्याच सकाळी शाळेच्या उणिवाही दिसल्या. आधी वर्ग केलेले चौघे जण ऐनवेळी आमच्या तुकडीत मिसळले गेले. त्यांची पातळी वेगळी, गरजा वेगळ्या. दुसऱ्या प्रशिक्षकाला मोटरबोटीवर लक्ष ठेवायचे असल्यामुळे प्रशिक्षिकेवर सगळा भार आला आणि ती जेव्हा त्या चौघांना पट्ट्याचा वापर समजावत होती, तेव्हा आम्ही ओल्या पोशाखात वाऱ्यात उभे होतो. जमिनीवर आदल्या दिवशी जी शिस्त होती, ती येथे निसटली. शिकणाऱ्यांची संख्या शेवटच्या क्षणी वाढणार असेल, तर प्रशिक्षकही वाढवला पाहिजे. शुल्क भरताना तुकडी आठ जणांची असेल असे लेखी सांगितले होते, त्यामुळे याबाबत मी शाळेकडे तक्रार नोंदवली आहे.

सर्वांत गंभीर उणीव स्वतःच्या बचावाची. वारा पडला, साहित्य मोडले किंवा हातातले बळ संपले, तर फळी कधीही सोडायची नाही, हा पहिला नियम. फळी तरंगते, ती दुरून दिसते आणि माणसाच्या डोक्यापेक्षा शोधायला कितीतरी सोपी असते. त्यानंतर शीड फळीच्या मागच्या भागावर आडवे ठेवून, पोटावर झोपून, हातांनी वल्हवत काठाकडे यायचे असते. हे सर्व आम्हाला काठावर पाच मिनिटांत तोंडी सांगितले गेले. पाण्यात करून घेतले गेले नाही. ज्याने हे केलेले नाही, त्याला खोल पाण्यात डुलत्या फळीवर ओले शीड तोलून धरणे किती अवघड असते याची कल्पना येत नाही. मी वर्ग संपल्यावर उथळ पाण्यात स्वतः करून पाहिले. बूमचे टोक फळीच्या शेपटाकडे नीट टेकवून ठेवायलाच मला बराच वेळ लागला. या गोष्टीला अर्धा तास द्यायलाच हवा होता, आणि वळण्याच्या सरावातून तो काढता आला असता.

वाटेच्या हक्काचे नियमही असेच राहून गेले. तळ्यावर शिडाच्या होड्या होत्या, पोहणारे होते, आणि नवशिक्याला समोरून दुसरा फळीवाला आला तर काय करायचे, हे माहीत असणे आवश्यक आहे. एकमेकांसमोर येणाऱ्यांपैकी ज्याच्या उजव्या बाजूने वारा येतो, त्याला आधी वाट; फळीवर उभे असताना उजवा हात डोलकाठीच्या बाजूला असेल, तर तो हक्क आपला. दोघांचा वारा एकाच बाजूने असेल, तर वारा येतो त्या बाजूला असलेल्याने बाजूला व्हायचे. मागून ओलांडून जाणाऱ्याने अंतर राखायचे. तीन वाक्यांत सांगता येणाऱ्या गोष्टी आहेत आणि पहिल्याच दिवशी वाळूतल्या त्या तबकडीवर त्या सहज दाखवता आल्या असत्या.

कोणासाठी हा वर्ग योग्य आहे, याबद्दल थोडे. पाण्याची भीती नसलेल्या आणि पोहता येणाऱ्या कोणत्याही वयाच्या निरोगी माणसाला तो झेपेल. आमच्या तुकडीत केस पांढरे झालेले एक गृहस्थ होते आणि संयमामुळे तेच सर्वांत आधी सरळ रेषेत गेले. पोहता येत नसेल तर तरंगत्या जाकिटाच्या भरवशावर जाऊ नये. आधी पोहणे शिकावे. चष्मा असल्यास मागून बांधायची दोरी हवीच. दुसऱ्या दिवशी पंजे, मनगटे आणि पोटऱ्यांच्या वरचा भाग दुखतो; पाठ फार दुखली तर उचलताना ती वाकवली गेली, असे समजावे.

परदेशात राहणाऱ्यांनी आणखी दोन गोष्टी आधी तपासाव्यात. शाळेला एखाद्या मान्य संस्थेची मान्यता आहे का, हे पाहावे. ब्रिटनमधील रॉयल यॉटिंग असोसिएशन किंवा जर्मनीतील व्हीडीडब्ल्यूएस ही जलक्रीडा शाळांची संघटना यांसारख्या संस्थांनी प्राथमिक वर्गाचा अभ्यासक्रम ठरवून दिलेला आहे आणि त्यांचे प्रमाणपत्र असेल, तर दुसऱ्या ठिकाणी फळी भाड्याने घेताना उपयोग होतो. दुसरे म्हणजे, आपल्या हातून दुसऱ्याच्या होडीचे नुकसान झाले किंवा कोणाला इजा झाली, तर आपल्या विम्यात ते बसते का, याची विमा कंपनीकडून लेखी खात्री करून घ्यावी. शाळेचा विमा शाळेच्या वर्गापुरता असू शकतो आणि नंतर भाड्याने घेतलेल्या फळीवर आपण एकटेच जबाबदार असू शकतो.

माझ्या तक्रारीला शाळेने तीन दिवसांत उत्तर दिले. तुकडीत ऐनवेळी माणसे वाढवल्याबद्दल त्यांनी दिलगिरी व्यक्त केली आणि स्वतःच्या बचावाचा सराव पुढच्या टप्प्याच्या वर्गात पाण्यात करून घेतला जातो, असे कळवले. तो पहिल्याच टप्प्यात हवा, कारण पहिला वर्ग संपताच कोणीही तेथूनच फळी भाड्याने घेऊन एकटे आत जाऊ शकतो, हे मी त्यांना पुन्हा लिहिले आहे. पुढच्या टप्प्यासाठी मी त्याच शाळेत, त्याच प्रशिक्षिकेकडे नाव नोंदवले आहे. ज्यांना विंडसर्फिंगची सुरुवात करायची आहे, त्यांनी अशा शाळेत जावे, पण प्रवेश घेतानाच बचावाचा सराव पहिल्या दोन सकाळींत पाण्यात करून घेतला जाईल, हे कबूल करून घ्यावे.